न उकळलेला चहा

सहलीत किती ठिकाणं पाहिली, याची यादी आपण घरी आल्यावर मोठ्या अभिमानाने वाचून दाखवतो. पण कुठे निवांत बसलो, हे कुणी विचारत नाही. दार्जिलिंगच्या एका लहानशा चहाघरात अवचित बसलेल्या एका जोडप्याची ही हकिकत.

पहाटेचे सव्वातीन वाजले होते. हॉटेलच्या पोऱ्याने दारावर थापा मारल्या आणि बाहेरून ओरडला, ‘‘टायगर हिल! गाडी लग गयी!’’

नोव्हेंबरचा महिना, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. नागपूरहून आलेल्या अठ्ठावीस जणांच्या त्या सहलीतली मंडळी मफलर, कानटोप्या शोधत धडपडू लागली. सगळी ज्यांना काका म्हणत, ते तर तीन वाजल्यापासूनच बूट घालून तयार होते. विद्युत मंडळातून निवृत्त झालेला हा माणूस वेळेच्या बाबतीत फार काटेकोर. सहलीचा कागद त्यांच्या खिशात असे आणि एकेक ठिकाण पाहून झालं की ते त्यावर पेनने बरोबरची खूण करत.

काकू मात्र रजईतून उठल्या नाहीत. आदल्या दिवशी प्राणिसंग्रहालय आणि गिर्यारोहण संस्थेच्या चढउतारांनी त्यांचा उजवा गुडघा सुजला होता.

‘‘मी नाही येत,’’ त्या म्हणाल्या.

काका क्षणभर गोंधळलेच. चौतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी बहुधा ऐकलं नव्हतं. ‘‘अगं, पैसे भरलेत आपण! पुन्हा काय इथे येणार आहोत?’’

‘‘भरलेत ना? मग तुम्ही नीट बघून या. मला आल्यावर सांगा.’’

काका धुसफुसत निघून गेले. जीपचा आवाज वळणावर विरून गेला आणि काकूंनी डोळे मिटले. पण झोप कुठली यायला? साडेपाचला उठायची सवय अंगात मुरलेली. घरी या वेळेला गॅसवर आधण चढतं. आधी काकांचा चहा, मग पूर्वी सासूबाईंचा, मुलाचा, आता कामवालीचा. सगळ्यांचा झाला की ओट्याशी उभं राहून आपला. तोवर त्यावर साय धरलेली असते. इथे ओटाही नव्हता आणि आधणही नव्हतं.

आणि मनात दुसरंच काही घोळत होतं. परतल्यावर येणाऱ्या सोमवारी नागपूरच्या घराचा इसार घ्यायचा होता. घर विकून पुण्याला मुलाकडे कायमचं राहायला जायचं, असं बापलेकांचं फोनवर ठरलं होतं. मुलगा चांगला, सून चांगली. त्यात वाईट काहीच नव्हतं. फक्त काकूंना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

एकटी बाई, एक टेबल

साडेसातच्या सुमारास त्या शाल गुंडाळून बाहेर पडल्या. धुकं इतकं दाट होतं, की समोरचा माणूस अगदी जवळ आल्यावरच दिसे. नेहरू रोडच्या चढावर एका दारातून पावाचा खमंग वास येत होता. काचेवर लहानशी पाटी होती. आत चार-पाच टेबलं, लाकडी जमीन, खिडकीत डब्यांमध्ये लावलेली जिरेनियमची लाल फुलं.

काकू दारावरून पुढे गेल्या. मग परत आल्या. पुन्हा पुढे गेल्या. एकट्या बाईने हॉटेलात शिरून चहा मागवायचा, हे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. लोक काय म्हणतील? किती पैसे घेतील? शेवटी गुडघ्यानेच निर्णय दिला. तो ठणकू लागला आणि त्या आत जाऊन खिडकीशी बसल्या.

गल्ल्यावरची तरुणी उठून आली. ‘‘दिदी, कौनसी चाय?’’ तिने पुढे ठेवलेल्या कार्डावर चहाचेच दहा-बारा प्रकार होते. फर्स्ट फ्लश, सेकंड फ्लश, ऑटम, व्हाइट. काकूंना हसू आलं. आपल्याकडे चहाचे दोनच प्रकार, आल्याचा आणि बिनआल्याचा. फार तर गवती चहा घातलेला.

त्यांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, आता शरदातली पानं ताजी आहेत, तीच घ्या. थोड्या वेळाने चिनी मातीची किटली आली, कपबशी आली आणि सोबत वाळूचं एक छोटं घड्याळ. ते उलटं करून ती मुलगी म्हणाली, वाळू खाली पडेपर्यंत थांबायचं. तीन मिनिटं.

काकू हात मांडीवर ठेवून बसल्या. तीन मिनिटं काहीही करायचं नव्हतं. ढवळायचं नव्हतं, उतू जाईल म्हणून बघायचं नव्हतं, कुणाला हाक मारायची नव्हती. ती तीन मिनिटं त्यांना फार मोठी वाटली.

मग त्यांनी कपात चहा ओतला. तांबूस, पारदर्शक, तळ दिसणारा. पहिला घोट घेतला तेव्हा वाटलं, हे तर पाणीच! दुसऱ्या घोटाला कसलासा फुलांचा, पिकल्या फळाचा वास आला. तिसऱ्या घोटाला त्यांच्या लक्षात आलं, की चहा गरम आहे. जिभेला चटका बसावा इतका गरम. दुसऱ्या कुणीतरी करून, समोर आणून दिलेला, बसून प्यायचा गरम चहा. त्यांचे डोळे भरून आले आणि धुक्याने खिडकी भरली होती हे बरंच झालं.

चहाचं गाव

दार्जिलिंगसारख्या गावात अशी चहाघरं का रुजली, याची कहाणी जुनी आहे. १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाकडून ही डोंगरधार ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. मैदानातल्या उन्हाने आणि तापाने खंगलेल्या गोऱ्या लोकांनी इथे येऊन तब्येत सुधारावी, हा हेतू. इथला अधिकारी डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल याने १८४१ मध्ये आपल्या बंगल्याच्या आवारात हौस म्हणून चहाचं बी लावलं. झाडं जगली, फोफावली आणि पुढच्या पंधरा वर्षांत डोंगरउतारांवर मळे उभे राहू लागले. १८८१ मध्ये दोन फूट रुंदीच्या रुळांवरून झुकझुक करत छोटी गाडी वर आली. हीच गाडी १९९९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. गाडीबरोबर हवापालट करायला येणारी माणसं आली आणि माणसांबरोबर बेकऱ्या, चहाच्या खोल्या, केक-बिस्किटांची दुकानं आली.

त्यातली काही नावं आजही गावकऱ्यांच्या तोंडी आहेत. ‘ग्लेनरीज’ची बेकरी ब्रिटिश काळापासून चालत आलेली. ‘केव्हेंटर्स’च्या गच्चीवर बसून नाश्ता केल्याशिवाय बंगाली पर्यटकाला दार्जिलिंगला गेल्यासारखं वाटत नाही. ‘नाथमल’चं चहाचं दुकान १९३१ पासूनचं. चौरस्त्यावरच्या बाकांवर बसून उन्हाची वाट बघायची आणि थंडी वाजू लागली की यातल्या एखाद्या दारात शिरायचं, हा इथला जुना शिरस्ता.

या गावाने वाईट दिवसही पाहिले. २०१७ मध्ये वेगळ्या गोरखालँड राज्याच्या मागणीसाठी १०४ दिवस बंद पाळला गेला. हॉटेलं, दुकानं, चहाघरं तर मिटलीच, पण वर्षातलं सर्वांत मोलाचं, मे-जूनमधलं चहाचं पीक मळ्यांतच वाढून फुकट गेलं. जिथे सगळं गाव पर्यटक आणि चहा या दोन पायांवर उभं, तिथे दोन्ही पाय एकदम लटपटले. आजही मळ्यांची स्थिती ठीक नाही. एके काळी वर्षाला एक कोटी किलोच्या आसपास निघणारा हा चहा अलीकडे सत्तर लाख किलोंच्याही खाली आला आहे. झाडं म्हातारी झाली, पावसाचं वेळापत्रक बिघडलं, मजूर गावं सोडून शहरात चालले.

चहाघरातली ती तरुणीही मळ्यातल्याच घरची होती. दुसरं कुणी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती काकूंशी बोलत उभी राहिली. तिची आई पाठीवर ‘डोको’ म्हणजे बांबूची टोपली घेऊन वीस वर्षं पानं खुडत होती. दोन पानं आणि मधला कोवळा कोंब, तेवढाच खुडायचा. अशी चार-साडेचार किलो ओली पानं सुकवावी, वळावी, आंबवावी आणि भाजावी, तेव्हा कुठे किलोभर चहा होतो. २०२३ मध्ये या मजुरीचा दर दिवसाला अडीचशे रुपये झाला. काकूंनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांच्यासमोरची किटली दीडशे रुपयांची होती.

‘‘मग तुझी आई हाच चहा पिते?’’ त्यांनी विचारलं.

मुलगी खळखळून हसली. ‘‘नाही हो! आम्ही घरी दूध-साखर घालून उकळलेलाच पितो.’’

काकूंना ती एकदम आपल्या शेजारच्या घरातली वाटली.

बायकांनी बसायचं कुठे?

आपल्याकडे चहाला तोटा नाही. प्रत्येक नाक्यावर टपरी, प्रत्येक स्टँडवर स्टॉल. पुण्यात तर ‘अमृततुल्य’ची परंपराच आहे. पण या टपऱ्यांसमोर उभं कोण असतं, हे कधी पाहिलं आहे? बहुतेक पुरुष. ते ऑफिसातून सुटतात, चहाला थांबतात, अर्धा कप पिता पिता नोकरीच्या, राजकारणाच्या, जमिनीच्या गप्पा मारतात. कित्येक व्यवहार तिथेच ठरतात. बाई मात्र कामावरून सुटते ती थेट भाजीवालीकडे आणि तिथून घरी. शहरातल्या महाविद्यालयीन मुली आता कॅफेत बसतात हे खरं, पण पन्नाशी ओलांडलेली गृहिणी भर दुपारी एकटी कुठे चहा पीत बसलेली दिसली, तर आजही लोक विचारतात, ‘‘घरी काही झालं का?’’

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्येही एके काळी सभ्य घरातली बाई एकटी बाहेर खायला जाऊ शकत नसे. १८६४ मध्ये लंडनला ‘एरेटेड ब्रेड कंपनी’ने चहाचं पहिलं दुकान काढलं, १८९४ मध्ये ‘लायन्स’ने काढलं आणि मग तशी दुकानं गल्लोगल्ली झाली. दारू न मिळणारी, स्वच्छ, स्वस्त जागा. नवरा, भाऊ सोबत नसतानाही बायका तिथे बसू लागल्या. पुढे मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांनी आपल्या चळवळीच्या बैठका अशाच चहाघरांत घेतल्या. बसायला जागा मिळाली आणि बोलायला विषय आपोआप सुचले.

दार्जिलिंगच्या पार्श्वभूमीवर सत्यजित राय यांनी १९६२ मध्ये ‘कांचनजंघा’ हा चित्रपट काढला. त्यात एक श्रीमंत, करारी कुटुंबप्रमुख आहे आणि आयुष्यभर त्याच्यापुढे गप्प राहिलेली त्याची पत्नी आहे. एका दुपारच्या फेरफटक्यात घरातला प्रत्येक जण आपापल्या मनातलं बोलून जातो. शेवटी धुकं सरतं, ज्या शिखरासाठी सगळे थांबलेले असतात ते दिसू लागतं, पण त्या गृहस्थाचं तिकडे लक्षच नसतं.

काकूंनी हा चित्रपट पाहिला नव्हता. पण त्यांची किटली रिकामी झाली होती आणि मनात एक वाक्य तयार होत होतं.

शेजारी कुणी नव्हतं

नऊ वाजता दार धाडकन उघडलं. कानटोपी हातात, चेहरा लाल. काका!

‘‘अगं, फोन खोलीत ठेवून निघून आलीस? सगळा बाजार पालथा घातला मी! चार दुकानांत विचारलं, शाल घेतलेली मराठी बाई पाहिली का म्हणून.’’

‘‘बसा,’’ काकू म्हणाल्या.

‘‘बसा काय? दहाला गाडी निघणार आहे. रॉक गार्डन, मग चहाचा मळा, मग…’’

‘‘दहाला एक तास आहे. बसा.’’

काका बसले. काकूंनी दुसरी किटली मागवली. काकांनी सवयीने दूध-साखर मागितली, तर ती मुलगी नम्रपणे म्हणाली, ‘‘अंकल, पहिला कप तसाच घेऊन बघा.’’ तिने वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि निघून गेली.

‘‘कसा दिसला सूर्योदय?’’ काकूंनी विचारलं.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, ‘‘फार छान. तिथे वर धुकंच नव्हतं. आधी सगळं काळं होतं, मग एकदम त्या शिखराच्या टोकाला लाली चढली, नंतर सोनेरी. आठ हजार पाचशे शहाऐंशी मीटर! मी ‘अगं बघ, बघ’ म्हणून बाजूला वळलो, तर शेजारी कुणी भलताच माणूस मोबाइल उंच धरून उभा. मग पुढचं काही नीट पाहवलंच नाही.’’

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस ‘चल, ऊठ, आवर’ एवढंच म्हणत आला, असं त्यांना वाटत होतं. तो बाजूला वळूनही पाहतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

‘‘एक विचारू?’’ त्या म्हणाल्या. ‘‘आपण पुण्याला गेल्यावर माझ्या शिवणाच्या मुलींचं काय करायचं?’’

‘‘कसल्या मुली?’’

‘‘मागच्या खोलीत येतात त्या. अकरा जणी आहेत. दोघींनी स्वतःचं मशीन घेतलं या वर्षी. एकीच्या घरात तिच्याच कमाईवर चूल पेटते. महिन्याला चार-साडेचार हजार मलाही सुटतात.’’

काका बघतच राहिले. मागच्या खोलीतून मशीनचा आवाज येतो, मुली ये-जा करतात, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. ‘बायकोचा वेळ जातो’ अशी त्यांची समजूत. तिथे कुणाचं पोट चाललं आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

‘‘हे तू आधी का नाही बोललीस?’’

‘‘कधी बोलणार? सकाळी तुमच्यासमोर पेपर असतो. संध्याकाळी टीव्ही. तुम्ही चहा पिता तेव्हा मी ओट्याशी असते. घर विकायचं ठरलं तेही मला तुमच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. पुण्याला जायला मी नाही म्हणत नाही. पण मला विचारायला तर हवं होतं.’’

आवाज चढला नव्हता. रडणं नव्हतं. समोरासमोर दोन खुर्च्या होत्या, मध्ये एक किटली होती आणि उठून जायला स्वयंपाकघर नव्हतं. काका खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘चुकलंच माझं.’’

वाळू केव्हाच खाली पडून गेली होती. काकूंनी घाईने चहा ओतला, तर तो काळपट झालेला. काकांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ‘‘हा कडूजहर चहा पितात लोक, दीडशे रुपये देऊन?’’

काकू हसू लागल्या, मग काकाही. त्या दिवशी दहाची गाडी दोघांना न घेताच गेली. सहलीच्या कागदावर त्या दिवसापुढे एकही खूण झाली नाही.

एक वेळ मोकळी ठेवा

सहलीला जाणाऱ्यांनी हे अनुभवावरून घेण्यासारखं आहे. तीन दिवसांत वीस ठिकाणं पाहण्याच्या हट्टात एकमेकांकडे पाहायचं राहून जातं. घरचीच धावपळ आपण डब्यासारखी बांधून सोबत नेतो. शक्य असेल तर प्रत्येक गावात एक अर्धा दिवस कोरा ठेवा. चांगलंसं चहाघर शोधा, मुलांना सोबत घेऊन किंवा न घेता बसा आणि घरी ज्या विषयाला हात घालायला वेळ मिळत नाही, तो विषय तिथे काढा. घरातल्या बाईला मेनूचं कार्ड आधी द्या. तिला काय आवडतं, हे ठाऊक आहे असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते ठाऊक नसतं.

दार्जिलिंगहून चहा आणायचा तर थोडा आणा, ताजा आणा. पाकिटावर चहाची पानं हातात धरलेल्या बाईचं चिन्ह पाहून घ्या. दार्जिलिंग चहाची ती अधिकृत खूण आहे. २००४ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळालेला हा देशातला पहिला माल, आणि म्हणूनच त्याच्या नावाने दुसरीकडचा चहाही खपवला जातो. हा चहा दुधात उकळू नका. पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद करा, अर्ध्या मिनिटाने कपाला एक चमचा पत्ती घाला, झाकण ठेवा, तीन मिनिटं मुरू द्या आणि गाळा. जास्त ठेवलात तर कडू होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवा, नाहीतर हिंगाचा वास धरतो.

काकूंनी अडीचशे ग्रॅम आणला. दुपारी काकांनी मुलाला फोन करून इसार घ्यायचं लांबणीवर टाकायला सांगितलं. ‘‘तुझ्या आईशी अजून बोलायचंय,’’ एवढंच कारण दिलं. घराचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. पावसाळ्याचे चार महिने पुण्याला राहावं, एरवी नागपूरला, असाही एक विचार आहे. अकरा मुलींमधली जरा जाणती असेल तिच्या हाती वर्ग द्यावा, असाही. दोघं त्यावर बोलतात, कधी भांडतातही.

रोजचा चहा अजूनही आलं घालून उकळलेलाच असतो आणि तो काकूच करतात. पण आता त्यांचा कप ओट्यावर राहत नाही, टेबलावर येतो. रविवारी दुपारी दार्जिलिंगचं पाकीट उघडतात. किटली नाही, म्हणून स्टीलच्या पातेल्यावर ताटली झाकतात. तीन मिनिटं घड्याळ बघायचं काम काकांचं. बोलण्याच्या नादात ते बहुतेक वेळा विसरतात आणि चहा थोडा कडूच होतो.